टायपिस्टच्या वेशातला बेडूक

१९८०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संगणक केंद्राची अडचण साधी होती: जागा पुरत नव्हती. केंद्रात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची, म्हणजे ‘डेक’ कंपनीची, डेकसिस्टिम-२० जातीची मोठी यंत्रं होती, शिवाय आयबीएमची मेनफ्रेमही होती. विद्यार्थी टर्मिनलांवर बसून या यंत्रांवर प्रोग्रॅम लिहीत, निबंध टाईप करत. डिस्क महाग, माणसं फार. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला आलेला कोटा इतका तुटपुंजा की नवं काही लिहायचं तर जुनं पुसावं लागे. (डेक-२०ला ‘मेनफ्रेम’ म्हणावं की नाही, यावर त्या पिढीतले लोक आजही तावातावाने भांडतील. विद्यार्थ्याच्या खुर्चीतून पाहिलं तर फरक शून्य. यंत्र कुलुपाआडच्या वातानुकूलित खोलीत, आपल्यासमोर फक्त पडदा आणि कळफलक.)

त्याच वेळी छोटे संगणक बाजारात येऊ लागले होते. आयबीएमचा पीसी यायचा होता, तो ऑगस्ट १९८१मध्ये आला. पण इंटरटेक कंपनीचा ‘सुपरब्रेन’ कोलंबियात पोचला होता. चौसष्ट किलोबाइटची मेमरी, सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि खोक्यातच बसवलेले फ्लॉपी ड्राइव्ह. संगणक केंद्रातल्या फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांना त्या फ्लॉपीत उपाय दिसला. विद्यार्थ्याने आपलं काम मोठ्या यंत्रावरून उतरवून फ्लॉपीवर घ्यावं, फ्लॉपी दप्तरात टाकावी, पुढच्या सत्रात हवं तर परत चढवावं. केंद्राची डिस्क मोकळी, विद्यार्थ्याचं काम शाबूत.

यासाठी तारही तयारच होती. सुपरब्रेनच्या मागे सिरियल पोर्ट होता, मोठ्या यंत्राला टर्मिनलं जोडायच्या तारा भिंतीपर्यंत आलेल्या होत्या. टर्मिनलाचा प्लग काढून सुपरब्रेनला लावला की विद्युत जोडणी पूर्ण. अडचण त्यानंतर सुरू होत होती. ती तार टर्मिनलासाठी होती आणि मोठ्या यंत्राची ठाम समजूत होती की तिच्या दुसऱ्या टोकाला माणूस बसलेला आहे.

ही समजूत यंत्राच्या वागण्यात कशी मुरलेली होती ते पाहण्यासारखं आहे. माणूस टाईप करतो ते सावकाश, अधूनमधून थांबत. म्हणून डेक-२०च्या पुढे टर्मिनलांची देखभाल करायला जो छोटा पीडीपी-११ संगणक बसवलेला असे, त्याची तयारी तेवढ्याच वेगाची होती. सलग, न थांबता अक्षरांचा लोंढा आला की तो गांगरे आणि अक्षरं गळत. माणूस कंट्रोल-सी दाबतो तेव्हा त्याला चाललेलं काम थांबवायचं असतं. कंट्रोल-एस म्हणजे ‘पडदा थांबव’, कंट्रोल-क्यू म्हणजे ‘पुढे चालू’, कंट्रोल-यू म्हणजे ‘ही ओळ खोड’. आता फाईलमध्ये ३ ही किंमत असलेला बाइट आला, तर यंत्राच्या लेखी तो कंट्रोल-सीच. ते काम बंद करून मोकळं. त्यात डेक-२० आलेलं प्रत्येक अक्षर सवयीने परत पाठवी, म्हणजे टाईप करणाऱ्याला ते पडद्यावर दिसावं. आयबीएमच्या लाइनवर वेगळीच तऱ्हा. एका वेळी एकानेच बोलायचं. यंत्र आपलं बोलणं संपवून ‘आता तू’ अशा अर्थाचं एक ठरलेलं अक्षर पाठवी, आणि त्याच्या आधी जे काही पाठवाल ते हवेत विरून जाई. शिवाय आठपैकी एक बिट बहुतेक वेळा पॅरिटीच्या तपासणीत खर्ची पडे. म्हणजे हातात उरले सात.

सात बिटांत १२८ किमती बसतात. त्यातल्या ३३ नियंत्रणाच्या, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे भलतंसलतं घडवणाऱ्या. उरतात ९५: रिकामी जागा, अंक, अक्षरं, विरामचिन्हं. माणूस जे नेहमी टाईप करतो तेवढंच बिनधोक पलीकडे पोचतं.

फाईल पाठवायचे प्रोटोकॉल तेव्हा नव्हते असं नाही. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सनने १९७७मध्येच एक्समोडेम लिहिला होता आणि सीपी/एमवाल्या हौशी मंडळींत तो हातोहात पसरला होता. १२८ बाइटांचा एक गठ्ठा, मागेपुढे चार बाइटांचा हिशेब, की झालं. सुटसुटीत आणि चलाख काम. पण ते दोन सारख्या छोट्या संगणकांसाठी होतं. आठही बिट जसेच्या तसे पलीकडे जातील, कोणताही बाइट मध्ये कुणी अडवणार नाही, १३२ बाइटांचा लोंढा एका दमात गिळला जाईल, अशी त्याची गृहीतकं. आयबीएम मेनफ्रेमच्या लाइनवर यातलं एकही टिकत नव्हतं.

डा क्रूझ आणि कॅचिंग्ज यांनी यंत्राची समजूत बदलायचा प्रयत्नच केला नाही. मोठ्या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फेरफार करायचा तर कंपनीकडे हात पसरावे लागले असते, आणि एका कंपनीने ऐकलं तरी दुसरीने ऐकलं असतं असं नाही. त्यांनी उलट केलं. पलीकडे माणूस आहे असं यंत्राला वाटतंय ना, मग फाईललाच माणसाचं सोंग द्यायचं. पाठवायची प्रत्येक गोष्ट अशी दिसली पाहिजे की जणू कुणी टायपिस्ट एक ओळ टाईप करून रिटर्न दाबतोय. हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा, आणि माझ्या मते त्यातली खरी बुद्धिमत्ताही इथेच आहे. बाकीचं बरंचसं आधीच्या नेटवर्कवाल्यांकडून घेतलेलं होतं.

अशा एका ओळीला ते पॅकेट म्हणत. तिची रचना अशी. सुरुवातीला एकच नियंत्रण-अक्षर, कंट्रोल-ए. बहुतेक यंत्रं त्याला काही करत नाहीत म्हणून ते निवडलं. त्याच्यामागून लांबी, पॅकेटचा क्रमांक, पॅकेटचा प्रकार, मजकूर आणि शेवटी तपासणीची बेरीज. लांबी आणि क्रमांक हे आकडे, आणि आकडे तसेच पाठवले तर ते पुन्हा नियंत्रण-अक्षरांच्या प्रदेशात जाणार. म्हणून प्रत्येक आकड्यात ३२ मिळवायचे. शून्य असेल तर रिकामी जागा जाते, १ असेल तर उद्गारचिन्ह, आणि सर्वांत मोठा ९४ हा शेवटच्या छापील अक्षराला जाऊन टेकतो. पॅकेटची लांबी ९४ का, याचं उत्तर एवढंच. एका अक्षरात याहून मोठा आकडा सांगताच येत नाही. आखूड ओळींमुळे मोठ्या यंत्राच्या पुढचा तो पीडीपी-११ही गांगरेनासा झाला, हा वरचा फायदा.

मजकुरातल्या नियंत्रण-अक्षरांना दुसरी युक्ती. त्यांच्या किमतीतला ६४चा बिट उलटा करायचा म्हणजे त्यांचं छापील अक्षर होतं, आणि पुढे खूण म्हणून हॅशचं चिन्ह लावायचं. कंट्रोल-सी मग हॅश आणि सी अशा दोन निरुपद्रवी अक्षरांच्या रूपात जातो. आठवा बिट असलेल्या बाइटापुढे अँपरसँडचं चिन्ह. याची किंमत अर्थातच लांबीत मोजावी लागते. सगळ्या २५६ किमती सारख्या प्रमाणात असलेली फाईल सात बिटांच्या लाइनवर पाठवली तर ती सुमारे पावणेदोनपट फुगते. थोडी भरपाई तिसऱ्या खुणेने होई. एकच अक्षर अनेकदा आलं तर टिल्डचं चिन्ह, किती वेळा तो आकडा आणि ते अक्षर, एवढ्या तीन अक्षरांत ९४पर्यंतची रांग मावते. मेनफ्रेमवरच्या फाईलींमध्ये पंच-कार्डाच्या काळापासून चालत आलेल्या ८० रकान्यांच्या ओळी असत आणि त्यांची शेपटी निव्वळ रिकाम्या जागांनी भरलेली असे. तिथे ही खूण चांगलीच उपयोगी पडे.

आणि चुका? टेलिफोनच्या तारेवरून खरखर येणार, अक्षरं बिघडणार, हे धरूनच चालायचं होतं. खराब लाइनवर कुणाला किराण्याची यादी सांगताना आपण करतो तेच इथे होतं. एक जिनस सांगायचा, पलीकडून ‘हं’ आलं की पुढचा. पॅकेट गेलं की पाठवणारा थांबतो. घेणाऱ्याने बेरीज जुळवून पाहिली आणि ती बरोबर निघाली तर तो पोच देतो, चुकली तर नकार. ठरावीक सेकंदांत काहीच आलं नाही तर पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. क्रमांकाचं महत्त्व मधली पोचच हरवते तेव्हा कळतं. पाचवं पॅकेट नीट पोचलं, पण त्याची पोच वाटेत बिघडली. पाठवणाऱ्याने पाचवं पुन्हा पाठवलं. क्रमांक नसता तर तो मजकूर फाईलमध्ये दोनदा लिहिला गेला असता. क्रमांक असल्यामुळे घेणारा ओळखतो की हे आलेलंच आहे. तो ते फेकून देतो आणि पोच मात्र पुन्हा पाठवतो.

या नकाराचं एक रूप त्या काळी विद्यापीठांत काम केलेल्यांना आजही आठवत असेल. मोठ्या यंत्रावरचा प्रोग्रॅम फाईलीची वाट पाहत बसला आणि आपण इकडे पाठवायचं विसरलो, तर दर काही सेकंदांनी पडद्यावर एक गूढ ओळ उमटे: हॅश, रिकामी जागा, एन, तीन. तो ‘शून्य क्रमांकाचं पॅकेट मिळालं नाही’ असा संपूर्ण, नियमशुद्ध निरोप होता. हॅश म्हणजे ३ अधिक ३२, म्हणजे लांबी तीन. रिकामी जागा म्हणजे क्रमांक शून्य. एन म्हणजे नकार. शेवटचा तीन ही तपासणीची बेरीज.

२९ एप्रिल १९८१ रोजी पहिली फाईल या पद्धतीने गेली. ती डेक-२०च्याच एका पोर्टातून निघून तारेने त्याच डेक-२०च्या दुसऱ्या पोर्टात शिरली. नाव ठरवायची वेळ आली तेव्हा भिंतीवर ‘द मपेट शो’चं कॅलेंडर लटकत होतं, म्हणून त्यातल्या हिरव्या बेडकाचं नाव दिलं: कर्मिट. बाहुल्यांच्या मालक कंपनीची, हेन्सन असोसिएट्सची, नंतर रीतसर परवानगी घेतली.

वापरणाऱ्याला यात थोडी कसरत करावी लागे. छोट्या संगणकावर कर्मिट सुरू करायचा. आधी तो टर्मिनलाची नक्कल करतो. त्या नकली टर्मिनलातून मोठ्या यंत्रावर लॉगिन करायचं, तिथे असलेला दुसरा कर्मिट सुरू करायचा आणि त्याला ‘घे’ म्हणून आज्ञा द्यायची. मग एक ठरलेली कळ-जोडी दाबून आपल्या संगणकावर परत यायचं आणि इकडच्या कर्मिटला ‘पाठव’ म्हणायचं. दोन्हीकडे एकच नाव, एकच पडदा. आपण आता नेमके कोणत्या यंत्राशी बोलतोय हा घोळ नवख्यांचा हमखास व्हायचा. पुढे मोठ्या यंत्रावरच्या कर्मिटला ‘सर्व्हर’ करून ठेवायची सोय झाली, मग सगळ्या आज्ञा इकडूनच देता येऊ लागल्या.

बाइट सुखरूप पोचले म्हणजे फाईल पोचली असं मात्र नाही, आणि या विषयातला सर्वांत रंजक भाग मला हाच वाटतो. ‘फाईल’ म्हणजे काय यावरच यंत्रांचं एकमत नव्हतं. डेक-२०चा शब्द ३६ बिटांचा. त्यात सात-सात बिटांची पाच अक्षरं बसवत आणि एक बिट उरे. सीपी/एमला फाईलची लांबी फक्त १२८ बाइटांच्या पटीत ठाऊक होती, म्हणून मजकूर खरा कुठे संपतो हे सांगायला कंट्रोल-झेडची खूण ठेवत. आयबीएमच्या फाईलमध्ये ओळ संपल्याचं चिन्हच नसे, कारण ओळ म्हणजे ठरलेल्या लांबीची नोंद. त्यात तिथली अक्षरंही वेगळी. इतरत्र आस्की, तर आयबीएमकडे एबसिडिक. आस्कीत मोठा ‘ए’ ६५, एबसिडिकमध्ये १९३. आस्कीची अक्षरं एका ओळीत उभी, एबसिडिकची तीन तुकड्यांत. ‘आय’नंतर ‘जे’ येण्याआधी सात घरं दुसऱ्याच कशाची.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. युनिकोड रुळण्याआधी एका डीटीपीवाल्याकडची फाईल दुसऱ्याकडे नेली आणि तिथे तो फाँट नसला, की अख्खा लेख रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्यासारखा दिसे. आकडे तेच, अक्षरं वेगळी.

प्रत्येक यंत्राने दुसऱ्या प्रत्येक यंत्राची रीत शिकायची म्हटली तर दहा प्रकारच्या यंत्रांना नव्वद भाषांतरं लागतात. कर्मिटने मध्ये एक सामायिक रूप ठरवलं: तारेवरून जाताना मजकूर आस्कीत आणि ओळीच्या शेवटी ठरलेली दोन चिन्हं. प्रत्येक यंत्राने फक्त आपल्या रीतीतून या रूपात आणि या रूपातून आपल्या रीतीत एवढंच जाणायचं. त्यामुळे नव्या यंत्रासाठी कर्मिट लिहिणाऱ्याला बाकीच्या जगाची माहिती असायची गरज उरली नाही. कोलंबियातल्या डॅफ्नी त्झोआर यांनी आयबीएम मेनफ्रेम आणि पीसी या दोन्हींसाठी लिहिला. बाकीचे जगभरच्या विद्यापीठांतून लिहून येऊ लागले. कोलंबियाने सोर्स कोड खुला ठेवला, कुणीही नक्कल करून वाटावी. टेप मागवली तर टेपचा आणि टपालाचा खर्च तेवढा घेत. जून आणि जुलै १९८४च्या ‘बाइट’ मासिकात डा क्रूझ आणि कॅचिंग्ज यांनी सगळा प्रोटोकॉल मांडल्यावर तर शेकडो प्रकारच्या यंत्रांवर बेडूक जाऊन बसला.

एक प्रश्न तरीही चुकत नव्हता. कर्मिट आधी छोट्या संगणकावर कसा न्यायचा? फाईल न्यायला कर्मिट हवा आणि कर्मिट ही स्वतःच एक फाईल. फ्लॉप्यांचे प्रकार इतके की एका कंपनीची फ्लॉपी दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाचेलच असं नाही. उपाय हाताने करायचा होता. एक छोटासा प्रोग्रॅम कागदावरून बघून टाईप करायचा. तो मोठ्या यंत्राला ‘ही फाईल पडद्यावर दाखव’ म्हणून सांगे आणि आलेल्या ओळी डिस्कवर लिहून ठेवी. कर्मिट आधीच अंक-अक्षरांच्या साध्या ओळींत लिहून ठेवलेला असे आणि सीपी/एमवर प्रत्येक ओळीला तिची स्वतःची बेरीज असे. मग त्या ओळींचा पुन्हा चालता प्रोग्रॅम बनवायचा. खरखरीने एखादी ओळ बिघडली तर सगळं परत.

कर्मिट संथ आहे ही तक्रार मात्र त्याच्या पाठीला कायमची चिकटली, आणि ती अर्धवट खरी आहे. १२०० बॉडच्या मोडेमवर सेकंदाला १२० अक्षरं जातात. पीसीची ३६० किलोबाइटची भरलेली फ्लॉपी कोणताही प्रोटोकॉल न लावता नुसती ओतली तरी एक्कावन्न मिनिटं. त्यात फुगवटा आला, पाकिटाचं वजन आलं, प्रत्येक पॅकेटनंतरचं थांबणं आलं. लाइन उपग्रहावरून जात असेल तर पोच येऊन पोचायला सुमारे अर्धा सेकंद, आणि ९६०० बॉडवर पॅकेट जायला सेकंदाचा दहावा भाग. म्हणजे लाइन बहुतांश वेळ रिकामी. यावर पुढे इलाज झाले. पॅकेट ९०२४ बाइटांपर्यंत लांबवता येऊ लागलं आणि पोचेची वाट न पाहता ३१पर्यंत पॅकेटं एकामागून एक सोडता येऊ लागली. पण या सोयी आपणहून चालू कराव्या लागत. मूळ मांडणी मुद्दाम सावध ठेवलेली होती, आणि बहुतेकांनी ती कधी बदललीच नाही. चांगल्या लाइनवर झेडमोडेम या दुसऱ्या प्रोटोकॉलशी शर्यत लावून बेडकाला हसणारे लोक खराब लाइनवर आणि आयबीएम मेनफ्रेमसमोर गप्प बसायचे.

१९८९मध्ये मॉस्कोत कर्मिटवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांच्या फ्लॉपीसाठी केलेला उपद्व्याप शीतयुद्ध ओलांडून गेला होता. तिथे अक्षरांचा प्रश्न आणखी बिकट होता, कारण सिरिलिक लिपीतल्या अक्षरांना आकडे देण्याच्याच कितीतरी मांडण्या प्रचलित होत्या. त्यातली ‘कोई-८’ नावाची मांडणी माझ्या फार आवडीची. तिच्यात रशियन अक्षरं अशा घरांत बसवली आहेत की लाइनने आठवा बिट गिळला तरी उरलेला मजकूर रोमन लिपीतली रशियन म्हणून वाचता येतो, फक्त लहान अक्षरांची मोठी आणि मोठ्यांची लहान झालेली. आठवा बिट जाणारच हे मान्य करून केलेली रचना. कर्मिटने या अनुभवातून सामायिक रूपाची कल्पना आणखी वाढवली. केवळ आस्की नाही, तर प्रत्येक लिपीगटासाठी एक प्रमाण मांडणी तारेवर वापरायची आणि दोन्ही टोकांनी आपापलं भाषांतर करायचं. क्रिस्टीन जियानोने तेव्हा प्रकल्पाचं व्यवस्थापन पाहत होत्या.

इकडे बँका आणि विमा कंपन्यांत, जिथे आयबीएमचंच राज्य होतं, तिथे वेगळी वाट निघाली. तिथली ३२७० जातीची टर्मिनलं अक्षर-अक्षर पाठवत नसत. अख्खा पडदा भरून घेऊन एकदम पाठवत, आणि तार साधी सिरियल नव्हे तर कोॲक्सची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डीसीए या कंपनीने ‘आयर्मा’ नावाचं कार्ड आणलं. ते पीसीत खोचलं, कोॲक्सची तार लावली, की मेनफ्रेमला पीसी म्हणजे आपलंच टर्मिनल वाटे. पाठोपाठ आयबीएमने मेनफ्रेमच्या बाजूने ‘इंड-डॉलर-फाईल’ नावाचा प्रोग्रॅम दिला. सुरुवातीच्या पद्धतीत तो फाईलचे तुकडे चक्क टर्मिनलाच्या पडद्यावर लिही. २४ ओळी, ८० रकाने, १९२० अक्षरांची ती पाटी. पीसीतलं कार्ड पाटी वाचे, ‘वाचलं’ म्हणून कळवे, मग पुढचा तुकडा. कर्मिटमध्ये फाईल टाईप करणाऱ्याचं सोंग घेत होती, इथे ती वाचायच्या मजकुराचं सोंग घेत होती. दोन वेगळ्या ठिकाणच्या लोकांनी यंत्राच्या त्याच एका गैरसमजाचा आपापल्या परीने फायदा घेतला.

कोलंबियाने २०११मध्ये कर्मिटचा प्रकल्प बंद केला आणि त्याची सी-कर्मिट ही आवृत्ती रीतसर खुल्या परवान्याखाली मोकळी सोडली. इंड-डॉलर-फाईल अजून कामावर आहे. मेनफ्रेमशी जोडणाऱ्या आजच्या कुठल्याही बऱ्यापैकी ३२७० इम्युलेटरमध्ये फाईल पाठवायची जी खिडकी उघडते, तिच्यामागे तोच उभा असतो. त्या खिडकीत आजही दोन जुने पर्याय दिसतात: अक्षरं आस्कीत बदलायची का, आणि ओळीच्या शेवटी चिन्हं घालायची का. पहिला निवडायला विसरलं तर एबसिडिक जसंच्या तसं पीसीवर येतं. एबसिडिकमध्ये रिकाम्या जागेचा आकडा ६४, आणि आस्कीत ६४ म्हणजे ॲट. मग अहवालात जिथे जिथे मोकळी जागा असायची तिथे तिथे ईमेलच्या पत्त्यातलं ते गोल चिन्ह रांगेने उभं असतं.